वाचक विचारतात : टांगत्या रेल्वेचे शहर वुपर्टाल

गेल्या अंकात जर्मनीच्या औद्योगिक शहरांवरील लेखात वुपर्टालच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या होत्या. त्यावरून वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मार्क्सचा सहकारी एंगेल्स बार्मेनचा, ॲस्पिरिन एल्बरफेल्डचे आणि टांगती रेल्वे वुपर्टालची, असे वाचनात येते. ही तीन गावे एकमेकांपासून किती लांब आहेत?

उत्तर : अंतर मोजण्याची गरज नाही, कारण तिन्ही एकाच शहरात आहेत. वुपर नदीच्या अरुंद खोऱ्यात बार्मेन आणि एल्बरफेल्ड ही दोन शहरे वाढत वाढत एकमेकांना चिकटली होती. १९२९ साली ती दोन, शिवाय रोन्सडॉर्फ, क्रोनेनबेर्ग आणि फोविंकेल एकत्र करून एकच नगरपालिका केली गेली. १९३० मध्ये तिला ‘वुपर्टाल’ म्हणजे वुपरचे खोरे हे नाव मिळाले. त्यामुळे १९३० पूर्वीच्या कागदपत्रांत आणि नकाशांत हे नाव शहर म्हणून शोधू नये. ते खोऱ्याचे नाव म्हणूनच सापडेल.

शहर नॉर्थ-राइन-वेस्टफालिया राज्यात, कोलोनच्या ईशान्येला आणि ड्युसेलडॉर्फच्या पूर्वेला आहे. लोकसंख्या सुमारे साडेतीन लाखांवर. या डोंगराळ मुलखाला ‘बेर्गिशेस लांट’ म्हणतात. ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, म्हणून ‘डोंगराळ प्रदेश’ असा अर्थ बरेच जण करतात. प्रत्यक्षात हे नाव बेर्ग घराण्याच्या सरदारांवरून पडले आहे. डोंगर आहेत हा योगायोग.

प्रश्न : उत्तरेला रूरच्या खोऱ्यात कोळसा होता, म्हणून तिथे पोलाद आले. वुपर्टालला कोळसाही नाही आणि लोखंडाची मोठी खाणही नाही. मग उद्योग आला कुठून?

उत्तर : पाण्यातून. वुपरच्या पाण्यात चुना फारच थोडा आहे, म्हणजे ते मृदू आहे. आज हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण १६व्या शतकात सूत पांढरे करणाऱ्याचे पोट याच गुणावर चालत असे.

लिननचे कच्चे सूत मातकट करड्या रंगाचे असते. ते पांढरे करण्यासाठी आधी लाकडाची राख पाण्यात मुरवून काढलेल्या क्षारपाण्यात उकळायचे, मग धुवायचे आणि नदीकाठच्या कुरणावर पसरायचे. सूत वाळू लागले की लाकडी फावड्याने त्यावर पाणी उडवायचे. ऊन, ओलावा आणि हवा यांच्या संयोगाने रंगद्रव्य हळूहळू जळते. दिवसाकाठी अनेकदा शिंपण, मध्येच पुन्हा क्षारपाण्याची उकळी, पुन्हा कुरण, असे आठवडेच्या आठवडे चाले. यात पाणी जड असेल तर दर शिंपणाबरोबर थोडा थोडा चुना धाग्यावर बसतो. पुढे साबणाशी त्याचा चिकट साका होतो. सूत खरखरीत आणि डागाळलेले निघते, आणि रंगारी ते परत पाठवतो. वुपरच्या पाण्यात ही कटकट नव्हती, आणि काठाला पुरेशी कुरणेही होती.

१५२७ साली बेर्गचा ड्यूक योहान तिसरा याने मोठी रक्कम घेऊन एल्बरफेल्ड आणि बार्मेनला त्याच्या मुलखात सूत पांढरे करण्याचा आणि पिळण्याचा एकाधिकार दिला. याला ‘गार्ननारुंग’ म्हणतात, म्हणजे सुतावरची रोजीरोटी. शहराचा औद्योगिक इतिहास वाफेच्या यंत्रापासून मोजणाऱ्यांची चूक इथेच होते. वाफ आली तेव्हा इथे सुताचे भांडवल, व्यापारी आणि हाताला सवय असलेले कारागीर तीनशे वर्षांपासून तयार होते.

पांढरे सूत नुसते विकण्यापेक्षा त्याची फीत, नाडी, लेस विकणे फायद्याचे, म्हणून दुसरा धंदा उभा राहिला. ‘बार्मेनचा माल’ म्हणजे फिती, झालरी, बुटांच्या नाड्या असे समीकरण १९व्या शतकात रूढ झाले होते.

प्रश्न : बुटाची नाडी यंत्रावर विणतात म्हणजे नेमके काय करतात?

उत्तर : ज्यांनी गोफ पाहिला आहे, त्यांना हे यंत्र लगेच कळेल. वर टांगलेल्या दोऱ्या हातात घेऊन खेळणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून फेर धरतात आणि मध्ये वेणी तयार होते. यंत्रात खेळणाऱ्यांच्या जागी धाग्याच्या रिळांचे घोडे असतात. ते लोखंडी तबकडीतल्या नागमोडी खाचेतून धावतात. निम्मे घोडे एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने गेले आणि खाच बंद वर्तुळाची असली, तर पोकळ गोल नाडी निघते. खाच एका जागी तोडून घोड्यांना टोकापासून परत फिरवले, तर सपाट पट्टी निघते.

धागा तुटला तर काय? प्रत्येक घोड्यावर धाग्याने तोललेले छोटे वजन असते. धागा तुटताच ते खाली पडते, एका कळीला अडते आणि यंत्र थांबते. ही सोय नसती तर एक धागा कमी असलेली नाडी मैलभर विणली जाऊनही कुणाच्या लक्षात आली नसती.

प्रश्न : एंगेल्सने आपल्या गावची नदी लाल होती असे लिहिले आहे. हे खरे की क्रांतिकारकाची अतिशयोक्ती?

उत्तर : अक्षरशः खरे. १८३९ मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, एंगेल्सने वुपरच्या खोऱ्यातली पत्रे हॅम्बुर्गच्या एका नियतकालिकात नाव न देता छापली. धुरकट कारखाने आणि सूत पसरलेली मैदाने यांच्यामधून नदीच्या लाल लाटा वाहतात, आणि हा रंग कुठल्या रणसंग्रामाचा नसून तुर्की लाल रंगाच्या रंगशाळांचा आहे, असे त्याने त्यात म्हटले. लिहिणारा सूत गिरणीमालकाचा मुलगा होता, त्यामुळे त्याला रंगशाळा ऐकून नव्हे तर पाहून माहीत होत्या.

तुर्की लाल हा रंग जितका सुंदर, तितकी त्याची कृती किचकट. रंग मॅडर या वनस्पतीच्या मुळातून येतो. आपल्याकडच्या मंजिष्ठेची ती युरोपीय बहीण. आधी सुती धागा राखेच्या क्षारपाण्यात घुसळलेल्या खवट ऑलिव्ह तेलात भिजवायचा, उबदार खोलीत वाळवायचा, पुन्हा भिजवायचा. हे अनेकदा. काही कृतींत या टप्प्याला शेणही लागे. मग मायफळाचा काढा, मग तुरटी, मग मॅडरचे उकळते पाणी, त्यात बहुधा बैलाचे रक्त. शेवटी साबण आणि कथिलाच्या क्षाराबरोबर बंद भांड्यात उकळी दिली की विटकरी छटा जाऊन झगझगीत लाल उरतो. सगळे मिळून कित्येक आठवडे जात.

बिघडण्याच्या जागाही ठरलेल्या. तुरटीत लोखंडाचा अंश असला तर लाल रंग जांभळट-तपकिरी होतो. तेलाचे हात कमी पडले तर रंग धाग्याच्या अंगात न मुरता वरवर बसतो आणि घासला की हाताला लागतो. तेलात भिजलेले सूत ढीग करून ठेवले तर ते आपोआप तापून पेटते. रंगशाळांना लागणाऱ्या आगींचे हे नेहमीचे कारण.

आता एक गंमत. पांढरे करताना नको असलेला चुना या रंगाला मात्र हवाच असतो. मॅडरमधले ॲलिझरिन, तुरटीतले ॲल्युमिनियम आणि चुन्यातले कॅल्शियम एकत्र आले तरच पक्का लाल बनतो. मग मृदू पाण्याचा उपयोग काय? हाच, की पाण्यात आधीपासून काही नसल्यामुळे रंगारी मोजून खडू टाकू शकतो. जड पाण्याच्या गावात चुन्याचे प्रमाण पावसाळी-उन्हाळी बदलते आणि त्याबरोबर रंगही. वुपरच्या रंगाऱ्यांचा माल वर्षभर सारखा निघे. व्यापारात किंमत त्याची असते.

प्रश्न : मग रंगाऱ्यांच्या गावातून औषधाचा कारखाना कसा निघाला?

उत्तर : सरळ रेषेत निघाला. १ ऑगस्ट १८६३ रोजी रंगांचा व्यापारी फ्रिडरिश बायर आणि रंगारी योहान फ्रिडरिश वेस्कोट यांनी बार्मेनमध्ये भागीदारी केली. डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून फुक्सिन हा किरमिजी रंग करायचा, एवढाच बेत होता. गिऱ्हाईक दारातच होते. १८६९ च्या सुमारास ॲलिझरिन कृत्रिमरीत्या बनू लागले. मॅडरची शेती बसली, आणि रंग विकणारा व्यापारी मागे पडून रंगाचा रेणू ओळखणारा रसायनशास्त्रज्ञ पुढे आला. हीच माणसे, हीच भांडी आणि हीच उप-उत्पादने पुढे औषधांकडे वळली.

एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत १० ऑगस्ट १८९७ रोजी फेलिक्स होफमन याने सॅलिसिलिक आम्लाला ॲसिटिल गट जोडून शुद्ध, टिकाऊ पदार्थ मिळवला. सॅलिसिलिक आम्ल ताप-दुखीवर चाले, पण पोटात आग करी आणि चवीला असह्य होते. नवा पदार्थ पुष्कळ सुसह्य निघाला. १८९९ मध्ये त्याचे ‘ॲस्पिरिन’ हे नाव नोंदवले गेले. ‘ॲ’ ॲसिटिलचा, ‘स्पिर’ हा स्पिरिया या वनस्पतीच्या नावातून. श्रेयाबाबत वाद आहे. त्याच प्रयोगशाळेतील आर्थुर आइशेनग्र्युन याने १९४९ मध्ये हे काम आपल्या सूचनेवरून झाल्याचे लिहिले. तो ज्यू होता आणि नाझी काळात त्याचे नाव पुसले जाणे अगदी शक्य होते, म्हणून त्याचा दावा सहज झटकून टाकता येत नाही. होफमनने त्याच ऑगस्टमध्ये आणखी एका पदार्थाला ॲसिटिल गट जोडला होता. तो पदार्थ मॉर्फिन, आणि निघाले ते हेरॉइन. तेही पुढे खोकल्याचे औषध म्हणून विकले गेले.

आमच्या मते ॲस्पिरिनपेक्षा प्रॉन्टोसिल या जंतुरोधक औषधाची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. रंग जसा लोकरीला घट्ट धरतो तसा जंतूंना धरून मारेल, या कल्पनेने गेर्हार्ड डोमाक एल्बरफेल्डमध्ये शेकडो रंग उंदरांवर तपासत होता. रंग बनवणारे रसायनशास्त्रज्ञ होते फ्रिट्स मीट्श आणि योझेफ क्लारर. १९३२ च्या अखेरीस एका लाल रंगाने, म्हणजेच प्रॉन्टोसिलने, स्ट्रेप्टोकोकस जंतूंची लागण झालेले उंदीर वाचवले. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की काचेच्या नळीत हा रंग त्याच जंतूंना काहीच करत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला. शरीरात या रेणूचे दोन तुकडे होतात. जंतूंना रोखतो तो सल्फानिलामाइड हा बिनरंगी तुकडा, आणि लाल रंगाचा या कामाशी काही संबंधच नाही. म्हणजे ज्या कल्पनेवरून शोध लागला ती कल्पनाच चुकीची होती. त्यात सल्फानिलामाइड १९०८ पासून माहीत असल्याने ते कुणालाही बनवता येत होते.

डोमाकला १९३९ चे नोबेल जाहीर झाले, पण हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायला बंदी केली होती. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला काही दिवस कोठडीत ठेवले आणि नकार लिहून घेतला. १९४७ मध्ये पदक आणि प्रमाणपत्र मिळाले. रक्कम मात्र नियमाप्रमाणे परत निधीत गेली होती.

कारखाना वुपरकाठी का राहिला नाही, हेही काहींनी विचारले आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि मागे डोंगर, म्हणून वाढायला जागा उरली नाही. कंपनीने १८९१ मध्ये ऱ्हाइनकाठची एक जागा विकत घेतली आणि १९१२ मध्ये मुख्यालय तिकडे हलवले. तेच आजचे लेव्हरकुसेन. औषधांचे संशोधन मात्र वुपर्टालमध्ये टिकले.

प्रश्न : रेल्वे टांगायची काय गरज होती? ट्राम किंवा भुयारी रेल्वे चालली नसती का? आणि डबा रुळावरून सुटून खाली कसा पडत नाही?

उत्तर : खोऱ्याचा तळ इतका अरुंद आहे की रस्ते, घरे, कारखाने आणि नदी यांनीच तो भरून गेला होता. भुयार खणायचे तर खाली कातळ आणि नदीचे पाणी. रिकामी जागा एकच उरली होती, नदीच्या वरची. कोलोनचा उद्योजक-अभियंता ऑयगेन लांगेन याने १८९०च्या दशकात टांगत्या गाडीची चाचणी घेतली होती. तो १८९५ मध्ये वारला. प्रत्यक्ष बांधकाम १८९८ मध्ये सुरू झाले. २४ ऑक्टोबर १९०० रोजी कैसर विल्हेल्म दुसरा याने चाचणीची फेरी मारली, १ मार्च १९०१ रोजी पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला आणि १९०३ मध्ये मार्ग पूर्ण झाला.

लांबी १३.३ किलोमीटर, स्थानके २०, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साधारण अर्धा तास. यातले सुमारे १० किलोमीटर नदीवरून, पाण्यापासून १२ मीटरच्या आसपास उंचीवर आणि उरलेले फोविंकेलच्या बाजूला रस्त्यावरून, सुमारे ८ मीटरवर. नदीवरचे खांब दोन्ही काठांवर पाय रोवून तिरके उभे आहेत. रस्त्यावरचे खांब कमानीसारखे आहेत.

आता रचना पाहू. खांबांना जोडलेल्या लांब पोलादी तुळईच्या, म्हणजे गर्डरच्या, दोन्ही अंगांना एकेक रूळ आहे, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. चाके डब्याच्या वर, एकापाठोपाठ एक, रुळावर धावतात. साध्या रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूलाच फ्लँज, म्हणजे उंच कड, असते, या चाकाला दोन्ही बाजूंना असते. चाकाच्या चौकटीला एका बाजूने वाकवलेला पोलादी बाहू जोडलेला असून त्याला डबा लटकतो. हा बाहू गर्डरला खालून आकड्यासारखा वळसा घालतो. चाक वर उचलले गेले तरी आकडा गर्डरला आधीच टेकतो, कारण तिथली फट फ्लँजच्या उंचीपेक्षा कमी ठेवली आहे. म्हणून चाक रुळावरून उडी मारू शकत नाही.

डबा वळणावर आपोआप बाहेरच्या बाजूला झुलतो. साध्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ उंच करावा लागतो. इथे तो हिशोब डबा स्वतःच करतो, आणि म्हणूनच नदीच्या वळणांबरोबर वळत जाणे जमले. कमाल वेग ताशी ६० किलोमीटर. डबे एकाच दिशेने चालतात आणि दोन्ही टोकांना गोल वळसा घेऊन परत येतात. त्यामुळे दारे एकाच बाजूला, आणि मागच्या टोकाला चालकाची खोली नसल्याने तिथे मोठी काच.

बांधकामातला सगळ्यात हुशार भाग सहसा कुणी सांगत नाही. पोलाद तापले की लांबते. २५० मीटर लांब गर्डर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ४० अंशांनी तापला, तर सुमारे १२ सेंटिमीटर वाढतो. सगळे खांब घट्ट बसवले असते तर दर ऋतूत काहीतरी वाकले किंवा तडकले असते. म्हणून साधारण २०० ते ३०० मीटरवर एकेक भक्कम खांब आहे. तो गाडी थांबताना बसणारा पुढे-मागे हिसका सोसतो. मधले खांब पायाशी थोडे हलू शकतील असे बसवले आहेत. ते फक्त वजन पेलतात आणि गर्डरबरोबर किंचित डोलतात. या सांगाड्यामागचा अभियंता अँटोन रीपेल. याच नदीवर खालच्या अंगाला म्युंग्स्टेन येथे १८९७ चा १०७ मीटर उंच रेल्वे पूल आहे, त्याच्याशीही रीपेलचेच नाव जोडलेले आहे.

प्रश्न : तरीही अपघात झालेच ना? आणि हत्तीची गोष्ट खरी का?

उत्तर : हत्तीची गोष्ट खरी, छायाचित्र खोटे. २१ जुलै १९५० रोजी सर्कशीच्या जाहिरातीसाठी टुफी नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाला गाडीत चढवले. गर्दी आणि आवाजाने बिथरून ते डब्याची बाजू फोडून नदीत पडले. किरकोळ खरचटण्यावर भागले. पडतानाचा फोटो म्हणून जो फिरतो तो दोन चित्रे जोडून केलेला आहे.

माणसे दगावलेला अपघात १२ एप्रिल १९९९ चा. रात्री गर्डर बदलण्याचे काम चालू होते. सांगाडा धरून ठेवण्यासाठी रुळाला पोलादी पकडी लावल्या होत्या. घाईत त्यातली एक काढायची राहिली. पहाटेची पहिली गाडी तिच्यावर आदळली, चाकांची चौकट उखडली आणि डबा नदीत कोसळला. ५ जण मृत्युमुखी पडले, ४७ जखमी झाले. यात रचनेचा दोष नव्हता. काम संपल्यावर प्रवासी नसलेली गाडी आधी सोडून मार्ग तपासला असता तर पकड सापडली असती.

नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळाच प्रकार घडला. वीजपुरवठ्याची पट्टी सुमारे ३५० मीटर लांबीत सुटून खाली आली. कुणी जखमी झाले नाही, पण वाहतूक १ ऑगस्ट २०१९ पर्यंत बंद राहिली. पुढे नव्या निळ्या डब्यांची चाके अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजू लागली. धावण्याजोगे डबे पुरेनात, म्हणून ऑगस्ट २०२० पासून वर्षभर गाडी फक्त शनिवार-रविवारी सुटे आणि इतर दिवशी बस. अशी रेल्वे जगात एकच असली की सुटा भाग बाजारात मिळत नाही. चाकापासून सगळे स्वतंत्र बनवून घ्यावे लागते.

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासात ‘एल्बरफेल्ड पद्धत’ येते. ती हीच का?

उत्तर : हीच. १८५३ मध्ये एल्बरफेल्डने गरिबांच्या मदतीसाठी शहराचे छोटे छोटे विभाग पाडले आणि प्रत्येकावर एक बिनपगारी नागरिक नेमला. त्याच्याकडे जास्तीत जास्त चार कुटुंबे. तो घरी जाऊन परिस्थिती पाहणार, मदत मंजूर होणार ती फक्त १४ दिवसांसाठी, आणि मग पुन्हा भेट. खर्च घटला, म्हणून अनेक जर्मन शहरांनी ही पद्धत उचलली. ती पुढे कोलमडली त्याची कारणे साधी होती. कामगार सारखी घरे बदलू लागले, वस्त्या एकसारख्या गरीब झाल्या आणि मदत करू शकणारा सुखवस्तू शेजारी त्या गल्लीत उरलाच नाही. १९०५ मध्ये स्ट्रासबुर्गने पगारी कर्मचारी नेमून पद्धत बदलली.

प्रश्न : नाझी काळात शहराची भूमिका काय होती?

उत्तर : दोन्ही टोकांची. जुलै १९३३ ते जानेवारी १९३४ या काळात वुपरकाठच्या केम्ना येथील रिकाम्या कारखान्यात छळछावणी होती. कैदी मुख्यतः आसपासचे कम्युनिस्ट, समाजवादी आणि कामगार कार्यकर्ते. मे १९३४ मध्ये बार्मेनच्याच गेमार्के चर्चमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरू जमले आणि चर्चने राज्यसत्तेचे अंकित होण्यास नकार देणारे निवेदन मंजूर झाले. मसुदा प्रामुख्याने धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट याचा. रंगांचा कारखानदार कुर्ट हेर्बेर्ट्स याने बंदी घातलेल्या ऑस्कर श्लेमर आणि विली बाउमाइस्टर या चित्रकारांना लाखेच्या रंगांवर प्रयोग करण्याच्या नावाखाली कामावर ठेवले होते. १९४३ च्या मे अखेरीस बार्मेन आणि जूनमध्ये एल्बरफेल्ड बॉम्बफेकीत जळाले. अरुंद खोऱ्यात आग पसरायला वेळ लागला नाही.

प्रश्न : पिना बाउश यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शिका इतक्या आडगावी का राहिल्या?

उत्तर : आडगाव म्हणावे इतके ते नाही, पण आशय समजला. बाउश १९७३ मध्ये इथल्या रंगभूमीच्या नृत्यविभागाच्या प्रमुख झाल्या आणि २००९ मध्ये मृत्यूपर्यंत इथेच काम करत राहिल्या. सुरुवातीला प्रेक्षक दारे आपटून उठून जात. जर्मन नगरपालिकांची रंगभूमी तिकिटावर नव्हे तर सार्वजनिक अनुदानावर चालते, त्यामुळे प्रेक्षक रुसले तरी प्रयोग चालू राहिले. तालमी बार्मेनमधल्या लिश्टबुर्ग या जुन्या चित्रपटगृहात होत.

त्यांच्या कामात मंचाची जमीन म्हणजे एक पात्रच. १९७५ च्या ‘फ्र्युलिंग्सओफर’मध्ये रंगमंचावर पीट माती पसरतात, आणि तीही मध्यंतरात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. घामेजलेल्या अंगांना माती चिकटते, श्वासाचा आवाज ऐकू येतो, पाय रुततात. १९७९ च्या ‘आरियन’मध्ये घोट्याएवढे पाणी, तर १९८२ च्या ‘नेल्केन’मध्ये हजारो कार्नेशनची फुले. नर्तकाला गुळगुळीत जमीन नाकारली की त्याची सवयीची चाल मोडते. हेच त्यांना हवे असे.

प्रश्न : आज हे शहर पोट कशावर भरते?

उत्तर : औषधे, अवजारे, घरगुती यंत्रे, रंग-लेप, विद्युत भाग. क्रोनेनबेर्गमध्ये १८८२ पासूनची क्निपेक्स कंपनी फक्त पकडी बनवते. पोलादाची कांडी लालबुंद तापवून साच्यात घणाने ठोकायची, कडेला आलेला जादा पत्रा छाटायचा, सांधा घासून बसवायचा, मग तापवून तेलात विझवायची आणि पुन्हा कमी आचेवर तापवून ठिसूळपणा काढायचा. कापणाऱ्या धारेला शेवटी वेगळी कठीणता देतात. सगळी पकड धारेइतकी कठीण केली तर ती पहिल्याच जोरात मोडेल.

फोरवेर्क कंपनीची गोष्ट वेगळी. १८८३ मध्ये बार्मेनमध्ये गालिचे विणण्यापासून सुरुवात. पुढे ग्रामोफोनची मोटर बनवू लागले. रेडिओ आल्यावर ती खपेना, तेव्हा तीच मोटर उभ्या दांड्यावर बसवून १९३० मध्ये ‘कोबोल्ड’ हा धूळ ओढणारा पंप, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, काढला. दुकानात कुणी विचारीना, म्हणून घरोघर जाऊन गालिचा साफ करून दाखवत विकला. ही विक्रीची रीत आजही त्यांची ओळख आहे.

कापडधंदा मात्र जवळजवळ गेला. लोकसंख्याही १९२९ च्या चार लाखांवरून खाली आली, आणि नगरपालिका अनेक वर्षे कर्जात राहिली. १९६६ मध्ये बांधलेले नाट्यगृह २०१३ मध्ये बंद करावे लागले, यावरून अंदाज यावा.

प्रश्न : एक दिवस हाताशी असेल तर काय पाहावे? आणि तिथली कॉफीची किटली सारखी ठिबकते, असे ऐकले. खरे का?

उत्तर : मुख्य स्थानकावरून आधी ओबरबार्मेनला जा आणि तिथून फोविंकेलपर्यंत पूर्ण फेरी करा. सुरुवातीच्या स्थानकावर चढल्यामुळे मागच्या काचेजवळची जागा मिळण्याची शक्यता वाढते. शहराच्या बस आणि ट्रेनला चालणारे तिकीटच इथे चालते. वेर्टर ब्र्युके स्थानकाची जुनी नक्षीदार लोखंडी घडण उतरून पाहा. आडलरब्र्युकेला उतरलात तर ऑपेरागृह आणि एंगेल्स घराण्याचे घर चालत जाण्याइतके जवळ. हे आजोबांचे घर आहे, एंगेल्सचा जन्म झालेले घर युद्धात नष्ट झाले. सायकल मिळाली तर नॉर्डबानट्रासेवर जा. जुन्या रेल्वेमार्गाचे २० किलोमीटरहून लांब सायकलमार्गात रूपांतर केले आहे. रेल्वेचा चढ मुळातच सौम्य, त्यामुळे डोंगरी शहरात पूल आणि बोगद्यांतून दम न लागता जाता येते. बोगद्यात उन्हाळ्यातही गारठा असतो, जाकीट घ्या. छत्री तर कुठल्याही ऋतूत. पश्चिमेचे ढग पहिल्यांदा या डोंगरांना अडतात, म्हणूनच जुन्या घरांच्या भिंतींना काळ्या पाटीच्या दगडाचे खवले लावलेले दिसतील.

दुपारी ‘बेर्गिश कॉफीटेबल’ मागवा. मनुकांचा पांढरा पाव, लोणी, मध, सफरचंदाचा काळसर पाक, दालचिनी घातलेला घट्ट दूधभात, काळा पाव, क्वार्क (चक्क्यासारखे ताजे चीज) आणि गरम चेरींसह वॅफल्स. मनुकांच्या पावावर लोणी, पाक आणि वर दूधभात असे थर रचून खातात. दोघांत एक पुरते.

किटलीचे नाव ड्रॉपलमीना, म्हणजे ठिबकणारी मीना. तीन पायांची, कथिलाची, खाली तोटी. कॉफीची पूड तिच्यातच टाकून वर गरम पाणी ओतत. पूड तोटीत अडके, तोटी नीट बंद होत नसे आणि थेंब गळत राहत. म्हणून खाली बशी ठेवण्याची पद्धत. पूड जाडसर दळली आणि ओतल्यावर दहा मिनिटे किटली हलवली नाही, तर गाळ तळाला बसतो आणि ठिबकणे कमी होते. जुनी किटली बाजारात विकत घेतलीत तर तिच्यात कॉफी करू नका, जुन्या कथिलात शिसे मिसळलेले असू शकते.